पगारवाढीने गाड्यांचे कारखाने बुडतात का?

सांवेर रोडवाला (इंदूर)

नमस्कार मंडळी. सांवेर रोडवर माझं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं. गाड्यांचे बुश आणि स्पेसर असे लहान सुटे भाग करतो, माल जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत जातो. दिवाळीच्या आधी पगारवाढ ठरवायची आहे. मुलगा नुकताच एमबीए करून आलाय. तो म्हणतो, "बाबा, अमेरिकेतलं गाड्यांचं शहर डेट्रॉइट कशाने बसलं? तासाला ७० डॉलर मजुरी! जपान्यांनी स्वस्तात चांगली गाडी दिली, विषय संपला. तुम्ही आत्ताच हात आखडता घ्या."

मला हे पटत नाही, पण त्याला द्यायला उत्तरही नाही. माझा टर्नर २१ वर्षं माझ्याकडे आहे. त्याच्यासमोर बसून "तुझ्या पगाराने धंदा बुडेल" असं म्हणायला जीभ रेटत नाही. जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

हिशेबवाली

काका, ते ७० डॉलर कामगाराच्या हातात कधीच पडत नव्हते. जुन्या कामगाराची मजुरी तासाला २८ डॉलरच्या आसपास. बाकीच्यात विमा, सवलती आणि निवृत्त झालेल्यांचं पेन्शन नि औषधपाणी. तिथे आरोग्यविम्याचं ओझं मालकावर, जपानात त्याची व्यवस्था देशपातळीवर. डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सने १९५० साली युनियनशी पाच वर्षांचा करार केला, त्यात पेन्शन कबूल केलं. तेव्हा निम्मा बाजार त्यांचा होता, निवृत्त माणसं थोडी. पुढे म्हातारे वाढले, गाड्यांचा खप घटला, आणि तोच बोजा कमी गाड्यांवर वाटला जाऊ लागला. २००५ च्या सुमारास कंपनी स्वतःच सांगत होती की एका गाडीमागे १५०० डॉलर नुसते आरोग्यखर्चात जातात. १ जून २००९ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला.

म्हणजे तुमचा मुलगा अगदीच चूक नाही. पण ती चूक पगार देण्याची नव्हती. उद्याचं देणं आज कबूल करून त्यासाठी पुरेसं बाजूला न टाकण्याची होती.

गो-नोगो (पीथमपूर, निवृत्त इन्स्पेक्टर)

दादा, आधी आपल्या घरचं बघा. बंगालमध्ये उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर बनवणाऱ्या कामगाराला काय डेट्रॉइटचा पगार होता? तरी २४ मे २०१४ ला अ‍ॅम्बेसेडरचं काम थांबलंच. इंजिन नवं आलं, इसुझूचं, ते आपल्या पीथमपूरलाच बनायचं. पण अंगावरचा पत्रा १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचाच राहिला. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून उभं असायचं, मग दार नीट लागतंय की नाही कोण बघतो? १९८३ ला मारुती आली आणि रांगच दुसरीकडे वळली.

आता अमेरिकेतलीच गोष्ट. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट माल. १९८२ ला बंद केला. १९८४ ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला. युनियन तीच, बहुतेक माणसं तीच, मजुरीही युनियनच्या दराची. शेकडो जणांना जपानला तकाओकाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे त्यांनी पाहिलं की काही चुकलं तर साधा कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, वेळ पडली तर लाइन थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा. खोट तशीच पुढे जायची आणि शेवटी अंगणात गाड्या दुरुस्त व्हायच्या. त्याच माणसांच्या हातून थोड्याच दिवसांत जपानच्या तोडीचा माल निघू लागला.

मला हे वाचून रडू आलं होतं, खरंच सांगतो. मी एका कास्टिंगच्या कारखान्यात होतो. रात्री लाल खडूची फुली मारून बाजूला ठेवलेले तुकडे सकाळी फुली पुसून ट्रकमध्ये चढलेले असायचे. बोललो तर "डिस्पॅच तू भरणार का?" असं ऐकायचो.

बडोदेकर

एक भर घालतो. आमच्याजवळ हालोलला जनरल मोटर्सचाच कारखाना होता. मजुरी भारतातली, तरी गाडी चालली नाही. २०१७ ला बंद झाला, मग चिनी मालकीच्या एमजीने घेतला.

सांवेर रोडवाला (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाला शॉपवर नेलं. टर्नर प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) घेऊन बसला होता. 'गो'ची बाजू बुशमध्ये अलगद जायला हवी, ती आत उतरतच नव्हती. त्याने मला न विचारता मशीन बंद केलं होतं. पूर्ण ४० नग वेगळ्या डब्यात, कारण इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) घासली गेली होती. मुलाने विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं थांबवायला?" तो म्हणाला, "भैया, पीथमपूर से वापस आता, तो आपको ही लेने जाना पड़ता."

वाढ देतोय. किती, ते मुलगाच हिशेब करून सांगणार आहे. ताईंचं बोलणंही लागलं. माझ्याकडच्या नऊ जणांची ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं कधीच पूर्ण झालीत, आणि त्यासाठी मी एक पैसा वेगळा काढलेला नाही. सोमवारी एलआयसीत जाऊन ग्रुप ग्रॅच्युइटीचं विचारतो. कोणी ती घेतली असेल तर कागद काय काय लागतात, ते कळवा.