मदत हवी आहे : परदेशी खरेदीदाराच्या हमीपत्रावर संचालकाने सही करावी का?

सांगलीत आमची हळद पावडरची छोटी खासगी कंपनी असून वडिलांनंतर गेल्या वर्षापासून मी तिचा संचालक आहे. त्यांच्या काळी संचालकाचे काम म्हणजे बँकेच्या कागदांवर सह्या करणे आणि ताळेबंद मंजूर करणे, एवढेच समजले जाई. आता जर्मनीतील खरेदीदाराने, तिथे २०२३ पासून लागू झालेल्या पुरवठा साखळी कायद्याचा हवाला देऊन, शेतावर हळद शिजवणाऱ्या मजुरांचे वय, मजुरी आणि सुरक्षितता यांची हमी माझ्या सहीने मागितली आहे. ही टोळी मुकादम आणतो. त्याच्या वहीत नावापुढे फक्त उचल लिहिलेली असते, वय नाही.

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ नुसारही संचालकाने भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हित पाहायचे असते, आणि कर्तव्यात कसूर झाल्यास १ ते ५ लाख रुपये दंड आहे. मजुरांची काळजी घेण्यास माझी ना नाही, खरे तर ती आम्ही आधीच घ्यायला हवी होती. पण जे स्वतः तपासलेले नाही त्याची लेखी हमी देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

निर्यातदार किंवा कंपनी सेक्रेटरी असलेल्या सदस्यांनी कृपया सांगावे, की ‘हमी देतो’ऐवजी ‘पडताळणी करू’ असा मजकूर खरेदीदार मान्य करतात का, आणि मुकादमाकडून वयाच्या व मजुरीच्या नोंदी आपण कशा ठेवून घेतल्या? मला पंधरा दिवसांत उत्तर पाठवायचे आहे.