अ‍ॅक्च्युरिअल सायन्सची पदवी घ्यावी, की संख्याशास्त्र शिकता शिकता परीक्षा द्याव्यात?

कृष्णाकाठ

माझी भाची यंदा सांगलीतून बारावी झाली. लहानपणापासून तिला गणिताची ओढ आहे. गेल्या वर्षभरात विमा, निवृत्तिवेतन आणि जोखमीचे हिशेब यांविषयी तिने बरेच वाचले, आणि आता मुंबईतील एका खासगी विद्यापीठात ‘अ‍ॅक्च्युरिअल सायन्स आणि वित्तीय गणित’ या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घ्यायचे तिच्या मनाने घेतले आहे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, म्हणून घरच्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे. तो मला एकट्याने घ्यायचा नाही. माझे मत खाली मांडतो. ज्यांना ते चुकीचे वाटेल त्यांनी ते अवश्य खोडून काढावे.

माझ्या मते तिने अ‍ॅक्च्युअरी (विमा आणि निवृत्तिवेतनाच्या जोखमीचा हिशेब करणारा तज्ज्ञ) जरूर व्हावे, पण त्यासाठी ही पदवी घेऊ नये. या व्यवसायाचे दार विद्यापीठ उघडत नाही. ते २००६ च्या अ‍ॅक्च्युअरीज कायद्याखाली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया’च्या हाती आहे. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग एकेक पेपर सोडवत जायचे. २०१९ मध्ये लागू झालेल्या रचनेप्रमाणे असे तेरा पेपर आहेत: पायाभूत तत्त्वांचे सात, व्यवहाराचे तीन, विशेष विषयांचे तीन. हे पेपर कोणत्याही शाखेची पदवी घेताना देता येतात. मग महागडे शुल्क भरून त्याच अभ्यासक्रमाची पदवी घेण्यापेक्षा पुण्याच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयात संख्याशास्त्र घेणे शहाणपणाचे नाही का? उद्या तिने हा मार्ग सोडला, तरी हातात सर्वत्र चालणारी पदवी राहील.

लोकलप्रवासी

आपली काळजी समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मी स्वतः आपण सुचवता त्याच वाटेने आलो आहे. गणितात पदवी घेतली, पेपर बाजूने दिले, आजवर नऊ पेपर सुटले आहेत आणि सहा वर्षे कर्मचारी-लाभांच्या मूल्यांकनाचे काम करतो आहे. या वाटेवर काय सोसावे लागते, हे मी सांगू शकतो.

संस्थेच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि त्या बहुधा विद्यापीठाच्या सत्रपरीक्षांच्याच सुमारास येतात. महाविद्यालयात मी अमूर्त बीजगणितातला वलयसिद्धान्त शिकत होतो आणि रात्री संस्थेच्या सीएम-१ या पेपरासाठी वार्षिकींची (ठरावीक काळाने मिळत राहणाऱ्या रकमांची) गणिते करत होतो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. वर्गात हा विषय माहीत असलेले दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे अडलेले उदाहरण घेऊन आठ-आठ दिवस बसावे लागे. पदवीच्या तीन वर्षांत माझे दोनच पेपर सुटले. जिथे वर्गातले सगळेच त्याच पेपरांच्या मागे आहेत, शिक्षक त्याच पाठ्यक्रमातून शिकवतात आणि सीएस-१ या पेपरासाठी ‘आर’ ही संगणकभाषा व सीएम-१ साठी एक्सेल पहिल्या वर्षापासून हाताखाली असते, तिथे हे एकटेपण वाट्याला येत नाही. ज्या परीक्षांत नापास होणे हीच सर्वसाधारण गोष्ट आहे, तिथे सोबतीचे मोल फार मोठे असते.

मुलीला खरोखर काय करायचे आहे, हेही तिला प्रवेशापूर्वी कळावे, म्हणून माझे रोजचे काम थोडे उलगडून सांगतो. एखाद्या कारखान्याच्या ग्रॅच्युइटीचे मूल्यांकन करायचे असते, तेव्हा सर्वप्रथम कामगारांची यादी येते. आपल्याकडच्या यादीत जन्मतारखेच्या रकान्यातून नजर फिरवली, की १ जून, १ जून, १ जून अशी रांगच्या रांग दिसते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिलेली असते. आता निवृत्तीचे वय ज्या तारखेवरून मोजायचे, तीच मुळात अंदाजाने लिहिलेली. तरीही हिशेब त्याच कागदोपत्री तारखेने करावा लागतो, कारण निवृत्तीही त्याच तारखेने होणार असते. हे ठाऊक नसलेला माणूस यादी चुकीची समजून परत पाठवतो.

पुढे खरा हिशेब. समजा कामगाराचे वय ४०, सेवा १० वर्षे आणि महागाई भत्त्यासह मूळ वेतन २६,००० रुपये. कायद्याच्या सूत्राप्रमाणे १५ भागिले २६, गुणिले वेतन, गुणिले सेवेची वर्षे, म्हणजे आजची रक्कम १,५०,००० रुपये होते. ती मिळणार मात्र साठाव्या वर्षी, तोवर वाढलेल्या वेतनावर. वेतन दरसाल ६ टक्क्यांनी वाढेल आणि व्याजदर ७ टक्के राहील असे धरले, तर वीस वर्षांनंतरच्या त्या रकमेचे आजचे मूल्य सुमारे १,२४,३०० रुपये निघते. (मृत्यू आणि मध्येच नोकरी सोडणे या शक्यता इथे सोडून दिल्या आहेत.) व्याजदर ७ ऐवजी ६ टक्के धरला, की तेच मूल्य थेट १,५०,००० होते. एका माणसामागे जवळजवळ २५,७०० रुपयांचा फरक पडतो, आणि कारखान्यात असे दीड हजार लोक असतात. अशा वेळी व्यवस्थापकाला गोड वाटणारा आकडा कोणता आणि प्रामाणिकपणे सांगता येईल असा कोणता, हे ठरवताना अ‍ॅक्च्युअरीचा कस लागतो. मला हे काम अतिशय आवडते. ज्या मुलीला हे वाचून कंटाळा आला नाही, तिला तिच्या आवडीची पदवी घेऊ द्यावी.

विदा

मी एकवीस वर्षे संख्याशास्त्र शिकवते आणि कृष्णाकाठ यांच्याशी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. पदवीकडे केवळ पडत्या काळातला आधार म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. संख्याशास्त्राचा पाया पक्का असेल, तरच अ‍ॅक्च्युअरीचे काम चांगले होते.

सीएस-२ या पेपरात मार्कोव्ह साखळ्या, जीवितविश्लेषण आणि कालश्रेणी हे विषय येतात. परीक्षेपुरते शिकलेला विद्यार्थी कॅप्लान-मायर पद्धतीने (किती जण किती काळ टिकून राहतात, याचा अंदाज घेण्याच्या रीतीने) आकडा काढून दाखवतो; पण निरीक्षण अर्धवट सुटलेल्या व्यक्तींचे काय करायचे, त्यांना वगळले तर उत्तर कोणत्या बाजूला झुकेल, असे विचारले की गप्प होतो. ज्याने संभाव्यता आणि अनुमानशास्त्र तीन वर्षे नीट घोटलेले असते, त्याला तो प्रश्न परका वाटत नाही. शिवाय याच पद्धतीने कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांचेही विश्लेषण होते. एकाच विषयाला किती दारे आहेत, हे विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या वर्गात दिसते. पेपरांभोवती बेतलेल्या पदवीत बहुधा एकच दार दिसते.

जवळचेच उदाहरण देते. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना लागू झाली. तिच्यात शेतकऱ्याने खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के भरायचे आणि विमागणिती दरातील उरलेला भार सरकारांनी उचलायचा, अशी रचना होती. २०२३ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि २०२५ च्या खरिपात तो निर्णय मागे घेतला. या दोन वर्षांत आपण हप्त्याबद्दल भरपूर बोललो, पण ज्यावर भरपाई ठरते त्या उंबरठा उत्पन्नाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ते ठरते, आणि यंदाचे उत्पन्न पीक कापणी प्रयोगांतून मोजले जाते. त्यासाठी महसूल मंडळात निवडलेला शेताचा छोटासा तुकडा खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला होता का, यावर शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अवलंबून असतात. हे प्रयोग शास्त्रशुद्ध नमुना-पद्धतीने व्हावेत यासाठी ज्यांनी पायाभूत काम केले, ते डॉ. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुधचे होते. आपल्या मातीतला हा वारसा संख्याशास्त्राचा आहे. विम्याचा दर कितीही अचूक सूत्राने काढला, तरी नमुनाच वाकडा असेल तर त्या सूत्राचा काही उपयोग होत नाही.

दोन मुलांची आई

मी तज्ज्ञ नाही. माझ्या मोठ्या मुलाचे जे झाले तेवढेच सांगते. त्याने अशीच पदवी घेतली. प्रवेशाच्या वेळी आम्हाला ‘पदवीसोबत बहुतेक पेपर सुटतात’ असे सांगण्यात आले होते, ते छापील पत्रक अजून कपाटात आहे. तीन वर्षांत त्याचे तीन पेपर सुटले. नंतरच्या दोन वर्षांत एक. सीएम-२ ला तो तीनदा बसला. पाच वर्षांनी त्याने हा मार्ग सोडला, तेव्हा मुलाखतीत लोक त्याच्या पदवीचे नाव वाचून विचारत, “म्हणजे तुम्ही अ‍ॅक्च्युअरी आहात का?” आणि त्याला दर वेळी “नाही” म्हणावे लागे. पदवीने जे व्हायचे वचन दिले होते, ते आपण झालो नाही, हे त्याला प्रत्येक नव्या माणसासमोर सांगावे लागत होते. त्या वर्षात मुलगा किती मिटून गेला होता, ते मी जवळून पाहिले आहे.

आज तो एका बँकेत पतजोखमीचे काम करतो, बरा आहे, आणि त्या चार पेपरांचा आपल्याला उपयोग होतो असे स्वतःच सांगतो. म्हणून विषय वाईट, असे मी म्हणणार नाही. पण जी पदवी एकाच मुक्कामाचे नाव लावून येते, ती अठराव्या वर्षी मुलाच्या गळ्यात घालताना आईवडिलांनी दहादा विचार करावा.

लोकलप्रवासी

ताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या ओळखीत अशी तीन मुले आहेत, त्यामुळे आपले म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. माझे मत एवढ्यापुरते बदलतो: प्रवेशापूर्वी एसीईटी दिलीच पाहिजे, आणि ज्या संस्थेत जायचे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटून, कोणाचे किती पेपर सुटले, हे तोंडी विचारले पाहिजे. पत्रकावर विसंबू नये. विदा यांच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. चांगली अ‍ॅक्च्युरिअल पदवी संभाव्यताही कसून शिकवते आणि वाईट संख्याशास्त्र विभागात सूत्रे पाठच करून घेतात. पदवीच्या नावावरून शिकवण्याची खोली ठरत नाही.

उत्तरेकडील वारा

एक गोष्ट आतापर्यंतच्या चर्चेत निसटली आहे. पदवीच्या नावात दोन विषय आहेत, अ‍ॅक्च्युरिअल सायन्स आणि वित्तीय गणित, आणि आपण सगळे पहिल्याबद्दलच बोलत आहोत. मी एडिनबर्गमध्ये राहतो आणि दुसऱ्या विषयात काम करतो. या दोहोंत साम्य बरेच असले, तरी स्वभाव निराळे आहेत.

ब्लॅक, शोल्स आणि मर्टन या अर्थतज्ज्ञांचे ऑप्शनची किंमत ठरवण्याविषयीचे १९७३ मधील काम वित्तीय गणिताच्या मुळाशी आहे. तिथे प्रश्न असा असतो की, बाजारातील दुसऱ्या गोष्टी घेऊन-विकून ही जोखीम आत्ताच्या आत्ता किती किमतीला झाकता येईल? अ‍ॅक्च्युअरीची जोखीम बहुधा अशी झाकता येत नाही, कारण माणसाचे आयुष्य बाजारात विकत मिळत नाही. त्याला मृत्युदराचे तक्ते, भांडवल आणि संयम यांच्या आधाराने ती चाळीस वर्षे वाहावी लागते. दोन्हीकडे चूक महागात पडते. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले आणि ते भागीदार असलेला ‘लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा फंड १९९८ मध्येच कोसळला. इकडे १७६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्विटेबल लाइफ’ या ब्रिटिश विमा कंपनीने जुन्या पॉलिसींत वार्षिकीचे किमान दर हमीने देऊन ठेवले होते. व्याजदर उतरले, लोकांचे आयुष्य वाढले, हमी जड झाली, न्यायालयाने ती पाळायला लावली आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीला नवा व्यवसाय घेणे बंद करावे लागले.

वित्तीय गणिताकडे जायचे असेल, तर मी पदवीला निखळ गणित घ्यावे असेच सांगेन. मापसिद्धान्त आणि आंशिक विकलक समीकरणे न शिकता त्या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही, आणि ‘दोन्ही शिकवतो’ म्हणणाऱ्या पदव्यांत त्यांना सहसा वेळ पुरत नाही. इथल्या काही विद्यापीठांच्या अ‍ॅक्च्युरिअल पदव्यांना ब्रिटिश संस्थेच्या पायाभूत पेपरांतून सूट मिळते, त्यामुळे इथे ती पदवी घेण्याला ठोस कारण आहे. आपण ज्या विद्यापीठाचा विचार करता, तिथे अशी सूट लेखी मिळते का? मिळत नसेल, तर तिथले शुल्क आपण केवळ सोबतीसाठी भरणार आहात, हे मान्य करून निर्णय घ्या.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पेपरांतून सूट मिळते का, हे विद्यापीठाला लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही. हा सारा धागा भाचीने काल रात्री वाचला आणि तिला स्वतः लिहायचे आहे, म्हणून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत खाली देतो.

“मामा आणि सर्वजण, मी आधी एसीईटी देणार आहे. निकाल येईपर्यंत खासगी विद्यापीठात पैसे भरणार नाही, आणि पुण्यातील संख्याशास्त्राच्या प्रवेशाचा अर्ज मात्र वेळेत भरणार आहे. ताईंच्या दादाबद्दल वाचून मला भीती वाटली, हे खरे आहे. पण लोकलप्रवासी सरांचे ग्रॅच्युइटीचे उदाहरण मी वहीत पुन्हा करून पाहिले. ७ टक्क्यांना १,२४,३०० आणि ६ टक्क्यांना १,५०,००० येतात, म्हणून साडेसहा टक्क्यांना बरोबर मधली रक्कम, म्हणजे साधारण १,३७,१५० येईल असे मला वाटले होते. तीनदा करून पाहिले, तरी १,३६,५०० च्या आसपासच येते. आधी वाटले की माझी बेरीज चुकली. मग व्याजदर पाव-पाव टक्क्याने बदलत आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले, तर ते सरळ रेषेत बसत नाहीत, किंचित खाली झुकलेली वक्ररेषा होते. ही वक्रता किती आहे हे मोजायची काही रीत असेलच. ती कोणत्या पेपरात येते, हे सर सांगतील का?”