तरुणांमधल्या चिंतेवर ८ मिनिटांची डॉक्युमेंटरी : शूटिंग कसं आखू?

प्रश्न : कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घ्यायच्यात, चेहरे न दाखवता. किती जण घेऊ? रंकाळा तलावावर चालेल?

उत्तर : भावा, तिघंच घे. रंकाळ्यावर फक्त दृश्यं टिप. वारा आणि हॉर्न कॉलर माइकमध्ये शिरले की नीट निघत नाहीत. मुलाखत बंद खोलीत, पंखा बंद करून. शेवटी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर, एडिटिंगचे जोड झाकायला लागते.

उत्तर : चेहरा झाकून भागत नाही. आवाज, गाडीचा नंबर, खिडकीबाहेरची गल्ली यांवरून ओळखीचे लगेच ताडतात. मूल १८ च्या खालचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्याच, मुलाचीही. अंतिम कट मुलाखत देणाऱ्याला आधी दाखवा. नको म्हणाला तर काढा.

उत्तर : "धडधडायला लागलं की काय करतोस?" असं विचारा, आजाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञांवर सोडा. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर स्क्रीनवर ५ सेकंद तरी ठेवा.