सूलकिंग: रेडिओआधीचं आणि नंतरचं
२०१८ मध्ये रेडिओवर 'गेरिला' हे गाणं म्हटलं आणि अल्जीरियन रॅपर सूलकिंग रातोरात स्टार झाला, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. कागदपत्रांविना फ्रान्समध्ये हलाखीत काढलेले दिवस तर आहेतच, पण त्याआधीही अल्जीरियात गडी रॅप करतच होता.

आणि सूलकिंगच्या 'लिबर्ते'चा विषय तर काढायलाच हवा! मार्च २०१९, अल्जीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुतफ्लिका यांच्याविरुद्ध राजधानी अल्जियर्सचे रस्ते माणसांनी फुललेले, तेव्हा आलेलं गाणं. त्यात सोबतीला उलेद अल-बहजा, म्हणजे यूएसएम अल्जेर या फुटबॉल क्लबचे कट्टर पाठीराखे. सामना चालू असताना स्टँडमधून सत्ताधाऱ्यांची सालटी काढणारी गाणी हे लोक कोरसमध्ये म्हणायचे. 'लिबर्ते' त्यांच्याच एका गाण्यावर बेतलेलं. त्यामुळे मोर्च्यातल्या पोरांच्या तोंडी ते लगेच बसलं. त्याची खरी कमाई मी हीच धरतो, व्ह्यूज नंतर.