‘कृपेने तारण’ : तारण, कृपादान, मोलकरी

प्रश्न : मराठी बायबलात ‘कृपेनेच तुमचे तारण झालेले आहे’ असे येते (इफिसकरांस पत्र २:८). बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. इथे नेमका अर्थ काय? रुळलेला ‘मोक्ष’ शब्द का नाही?

प्रतिसाद : इथले तारण ‘तारणे’ या क्रियापदाचे, म्हणजे बुडत्याला वाचवणे, पार नेणे. मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’. पाण्यात बुडू लागलेला येशूचा शिष्य पेत्र ‘मला वाचवा’ म्हणून ओरडतो (मत्तय १४:३०), तिथेही हेच क्रियापद आहे. बुडणारा स्वतःला वर काढत नाही, हे त्या शब्दातच आहे. मोक्ष म्हटले की जन्ममरणाचा फेरा आणि त्यातून सुटण्यासाठीची साधना डोळ्यांपुढे येते. ख्रिस्ती शिकवणीत सुटका पापापासून आणि त्याच्या दंडापासून आहे.

‘झालेले आहे’ हेही नीट वाचा. ग्रीकमध्ये पूर्ण झालेल्या आणि परिणाम टिकून असलेल्या क्रियेचे रूप आहे. ‘होईल’ किंवा ‘होत आहे’ असे तिथे नाही.

वापरताना चूक होते ती ‘त्याने तारण मिळवले’ किंवा ‘तो तारणास पात्र ठरला’ अशा वाक्यांत. ‘त्याचे तारण झाले’ म्हणावे.

प्रतिसाद : त्याच वचनात पुढे ‘हे देवाचे दान आहे’ येते. ‘हे’ म्हणजे काय यावर वाद होतो. ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास दोन्ही स्त्रीलिंगी, पण ‘हे’ नपुंसकलिंगी. म्हणून ते केवळ विश्वासाला न लावता कृपेने, विश्वासाद्वारे तारण होण्याच्या सगळ्या गोष्टीला लावणे व्याकरणाला धरून आहे.

प्रश्न : कृपा आणि दया एकच ना?

प्रतिसाद : नाही. दयेत समोरच्याच्या दुःखाकडे लक्ष असते. कृपेत देणाऱ्याच्या मनाकडे. रोमकरांस पत्र ६:२३ मध्ये ‘पापाचे वेतन’ आणि देवाचे ‘कृपादान’ समोरासमोर ठेवले आहेत. वेतनासाठीचा ग्रीक शब्द सैनिकाच्या पगाराचा आहे: काम केले, पैसे घेतले. कृपादानात हिशेबच नाही. रोमकरांस पत्र ३:२४ मध्ये माणसे ‘विनामूल्य’ नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतात; तो शब्द तर फारच बोलका आहे. तोच ग्रीक शब्द, ‘दोरेआन’, योहान १५:२५ मध्ये ‘विनाकारण माझा द्वेष केला’ असा येतो. येशूचा द्वेष करायला त्याच्यात काही कारण नव्हते. आपल्याला नीतिमान ठरवायला आपल्यात काही कारण नाही. ‘फुकट’ हे भाषांतर म्हणूनच अपुरे पडते. किंमत नाही एवढेच ते सांगते, आणि किंमत तर ख्रिस्ताने भरलेली आहे.

प्रतिसाद : मेंढपाळाच्या रूपकातही हाच धागा आहे. योहान १०:१२ मध्ये मेंढपाळासमोर ‘मोलकरी’, म्हणजे मोलाने राखण करणारा, उभा आहे. ‘मोलकरीण’ अजून वापरात आहे, पुल्लिंगी रूप मागे पडले, म्हणून नवे वाचक अडखळतात. मोलकरी लांडगा पाहून पळतो, कारण मेंढरे त्याची नाहीत. उत्तम मेंढपाळ त्यांच्यासाठी प्राण देतो. शंभरांतले हरवलेले एक मेंढरू (लूक १५:४-५) स्वतः परत येत नाही; धनी शोधतो आणि खांद्यावर घेतो.

मेंढपाळाच्याच स्तोत्र २३ मध्ये ‘तुझी आकडी व तुझी काठी’ येते, त्यातल्या ‘आकडी’वर एक टीप. ‘आकडी येणे’शी तिचा संबंध नाही. मराठीत आकडी म्हणजे फांदी ओढायची वाकड्या टोकाची काठी, पण मूळ हिब्रू ‘शेबेत’ म्हणजे दंड किंवा सोटा. हा दंड मेंढरे मोजायलाही वापरत (लेवीय २७:३२). त्या ओळीतली ‘काठी’ टेकण्याची आहे.

प्रश्न : मग फिलिप्पैकरांस पत्र २:१२ मध्ये ‘आपले तारण साधून घ्या’ असे का?

प्रतिसाद : पुढचे वचन सोडून वाचले की घोटाळा होतो. तिथे १३व्या वचनात लगेच कारण दिले आहे: इच्छा करणे आणि कृती करणे ‘साधून देणारा’ देव आहे. शिवाय ग्रीक क्रियापदाचा अर्थ तडीस नेणे, अमलात आणणे. कमावणे असा नाही. विश्वास ठेवलेल्या मंडळीला लिहिलेले हे वाक्य आहे. तारण कसे मिळते ते सांगणारे नाही.