किमोसोबत कर्क्युमिन, गुळवेल, गव्हांकुर: काय चालतं, काय नडतं?

द्राक्षवेल_नाशिक
नमस्कार मंडळी. स्तनाचा कॅन्सर, स्टेज २, वय ५४. एसीच्या (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन किमो औषधं) चार सायकल ठरल्या आहेत, दर तीन आठवड्यांनी एक. दुसरी झाली. पुढे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, एकूण १२. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही ठेवून जातो. आजचा साठा असा: कर्क्युमिन कॅप्सूल (५०० मिग्रॅ, ९५ टक्के, सोबत मिरीचा अर्क ५ मिग्रॅ), गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, गव्हांकुराचा ताजा रस आणि लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'याने किमोची ताकद वाढते'. खरंच वाढवणारं यात काय आहे आणि किती घ्यायचं? शिवाय सीझन आहे, तर द्राक्षं चालतील का?

पंचवटी_फार्मासिस्ट
आधी कॅप्सूलबद्दल, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

चमचाभर हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात कर्क्युमिन असतं ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरेक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात फारसं उतरत नाही. म्हणून कंपन्या मिरीचा अर्क, म्हणजे पायपरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिग्रॅ पायपरिन दिल्यावर शोषण २० पट झालं होतं. पण पायपरिन हे काम करतं यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स आणि आतड्यातले औषध बाहेर फेकणारे पंप दाबून. ते पंप पॅक्लिटॅक्सेललाही बाहेर फेकतात. सीवायपी३ए४ हे एन्झाइम पॅक्लिटॅक्सेल मोडायला हातभार लावतं. म्हणजे 'ताकद वाढते' हे कधीकधी शब्दशः खरं ठरू शकतं, पण कुणीही न मोजता. डॉक्टर उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून डोस ठरवतात. डॉक्सोरुबिसिन नेहमीच्या एसीमध्ये चौरस मीटरला ६० मिग्रॅ. १.५ चौरस मीटरच्या बाईला ९०. इतक्या काटेकोर हिशेबात घरातली एक कॅप्सूल आपली ढवळाढवळ करते.

दुसरी गोष्ट तुमच्या आत्ताच्या टप्प्याची. एसीमधला सी म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. २००२ च्या प्रयोगात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिनने काही किमो औषधांचा मारा बोथट केला, त्यात डॉक्सोरुबिसिनही होतं. उंदरांमध्ये कर्क्युमिन दिल्यावर सायक्लोफॉस्फामाइडने गाठ जितकी कमी व्हायची तितकी कमी होईना. ही औषधं काही अंशी पेशीत ऑक्सिडेशनचा ताण निर्माण करून पेशी मारतात, आणि कर्क्युमिन तोच ताण शांत करतं.

उलट बाजूही आहे. आर्मेनियात पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या १५० रुग्णांमध्ये पॅक्लिटॅक्सेलसोबत दर आठवड्याला ३०० मिग्रॅ कर्क्युमिन दिलं, १२ आठवडे. गाठ आक्रसण्याचं प्रमाण त्या गटात जास्त होतं. पण ते शिरेतून, सलाइनने. व्हॉट्सअॅपवर हाच अभ्यास 'हळदीने किमो दुप्पट' म्हणून फिरतो आणि सलाइनचा उल्लेख वाटेत गळून पडतो.

तेव्हा भाजी-आमटीतली हळद-मिरी बिनधास्त. कॅप्सूल बंद. किमो संपल्यावर टॅमॉक्सिफेन (हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) लागलं तरी ती पुन्हा सुरू करू नका. कर्क्युमिन आणि पायपरिन एकत्र दिल्यावर एंडॉक्सिफेनची, म्हणजे टॅमॉक्सिफेनच्या कामाच्या रूपाची रक्तातली पातळी सुमारे १२ टक्के उतरल्याचं २०१९ मध्ये दिसलं आहे.

वैद्य_सिडको
आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो. सगळ्यात आधी गुळवेलीचा काढा थांबवा.

गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण २०२१ मध्ये मुंबईतूनच नोंदले गेले. काहींना प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा हिपॅटायटिस होता. अश्वगंधेनेही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. आता हे डॉक्सोरुबिसिनला कसं भिडतं ते बघा. ते शरीराबाहेर जातं मुख्यतः यकृतामार्फत. रक्तातलं बिलिरुबिन (यकृताच्या तपासणीतला एक आकडा) १.२ ते ३ च्या दरम्यान गेलं तर डोस अर्धा करावा लागतो. एसजीपीटी, म्हणजे यकृताचं एन्झाइम, चढलं की सायकलही पुढे ढकलली जाऊ शकते. किमोला बळ द्यायला घेतलेला काढा असा किमोच कमी करून बसतो. त्यात काष्ठौषधीच्या दुकानात सुट्या मिळणाऱ्या कांडीवर जात कोणती, कधीची, काही लिहिलेलं नसतं.

अश्वगंधेबद्दल २०१३ चा मलेशियातला अभ्यास लोक पुढे करतात. १०० रुग्ण, दर आठ तासांनी २ ग्रॅम, किमोच्या काळात थकवा कमी. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, आणि थकवा कमी होणं म्हणजे किमो जास्त लागू पडणं नव्हे. रेडिएशन वगैरे सगळं आटोपल्यावर, यकृताचा रिपोर्ट बघून, ऑन्कॉलॉजिस्टना सांगून विचार करता येईल. भस्मांचं तर आत्ता नावच नको.

लक्ष्मणफळाचा चहा फेकून द्या. त्यातलं अ‍ॅनोनासिन नसांच्या आणि मेंदूच्या पेशींना विषारी आहे. कॅरिबियन बेटांवर ते नेमाने खाणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार त्याच्याशी जोडला गेला. पॅक्लिटॅक्सेलने आधीच हातापायांना मुंग्या येतात, त्यात ही भर कशाला?

आणि 'नैसर्गिकच हवं' असा कुणी हट्ट धरला तर सांगा, सलाइनमध्ये तेच चाललंय. पॅक्लिटॅक्सेल मुळात यू झाडाच्या सालीतून काढलं, डॉक्सोरुबिसिन मातीतल्या जिवाणूपासून. फरक इतकाच की त्यांचा डोस मोजलेला आहे.

ताटवाटी
आहारतज्ज्ञ म्हणून उरलेल्यावर बोलते.

यादीत नसलेली, पण मी सुचवेन अशी एकच गोष्ट, सुंठ. किमो वाढवायला नाही, मळमळीसाठी. ५७६ रुग्णांच्या चाचणीत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याने किमोच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. सायकलच्या तीन दिवस आधी सुरू, एकूण सहा दिवस. सगळ्यांना उलटीची नेहमीची औषधं सुरूच होती, म्हणून ऑनडॅनसेट्रॉन बंद करून सुंठ घेऊ नका. घरी मोजायचं तर सपाट पाव चमचा चूर्ण सकाळी, तेवढंच संध्याकाळी, ताकात किंवा कोमट पाण्यात, पोटात काही असताना. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर नाही.

गव्हांकुरावर इस्रायलमध्ये स्तनकॅन्सरच्या ६० रुग्णांचा छोटा अभ्यास झालाय. रोज ६० मिलि, किमोने रक्तपेशी घटण्याचं प्रमाण जरा कमी झालं. आशादायक आहे, पण जॉगिंग ट्रॅकबाहेर मिळणारा रस कच्चा असतो, मातीलगत वाढलेल्या पात्यांचा, आणि गाळणी-ग्लास कसे धुतले जातात ते बघूनच कळतं. एसीनंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा असा रस नकोच.

द्राक्षं चालतील, नाशिकमध्ये राहून ती का सोडायची! बंद ठेवायचं ते पपनस आणि ग्रेपफ्रूट, ती सीवायपी३ए४ दाबतात. मात्र घडच्या घड बुडवून धुतलं म्हणजे झालं नाही. देठाजवळ फवारणीच्या औषधाचा अंश राहू शकतो. कात्रीने एकेक मणी कापा, दोन पेले पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्यात चोळून धुवा. चिरलेला किंवा देठाशी ओला मणी टाकून द्या. पेशी तळाला असतील त्या दिवसांत केळं, मोसंबी, डाळिंब अशी सोलून खायची फळं बरी. आणि द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूल म्हणजे द्राक्षं नव्हेत, त्या नकोत.

द्राक्षवेल_नाशिक
खूप आभार. कॅप्सूल, काढा, चहा आजच बाजूला. एक राहिलं. मुंग्या येऊ नयेत म्हणून 'नसांच्या गोळ्या' आणि एक अँटिऑक्सिडंट गोळी आधीच सुरू करा असं कुणी म्हणालं.

पंचवटी_फार्मासिस्ट
नसांच्या गोळीची पट्टी उलटून मागे वाचा. मिथाइलकोबालामिनसोबत (हे बी१२चंच एक रूप) अनेकदा अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन असतं. २०१३ च्या चाचणीत टॅक्सेन (पॅक्लिटॅक्सेल ज्या गटातलं ती किमो औषधं) घेणाऱ्या ४०९ बायकांपैकी ज्यांना ते दिवसाला ३ ग्रॅम दिलं, त्यांच्या मुंग्या २४ आठवड्यांनी कमी नाही, जास्तच होत्या.

अँटिऑक्सिडंटबद्दल एस-०२२१ ही अमेरिकन चाचणी तुमच्याच औषधांची आहे, एसी आणि पॅक्लिटॅक्सेल. ११३४ जणींना काय काय घेता विचारलं. किमोआधी आणि किमोच्या काळात ए, सी, ई, कोएन्झाइम क्यू१० वगैरे घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका ४१ टक्के जास्त दिसला. आकडा संख्याशास्त्राच्या काठावरचा आहे, पण दिशा बरी नाही. बी१२ घेणाऱ्यांतही निकाल वाईट होते. तरी शाकाहारी घरात बी१२ खरोखर कमी असू शकतं, म्हणून आधी पातळी तपासा आणि गोळीचं डॉक्टरांना ठरवू द्या.

पुढच्या सायकलच्या आधीच्या रक्ततपासणीत सीबीसीसोबत एसजीपीटी आणि बिलिरुबिन आहे ना ते बघा. काढा किती दिवस घेतला तेही ओपीडीत सांगा, बाटल्या आणि पट्ट्या पिशवीत घालूनच न्या. आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी.