पुरानंतर रेडकांची हगवण थांबेना, हौदाच्या पाण्याचं काय करू? (मदत हवी आहे)

राम राम मंडळी,

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या अलीकडं आमचं गाव. गोठ्यात तीन म्हशी, एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आणि दोन रेडकं. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमची विहीर गेलीच म्हणून समजा. २०१९ ला बघितलं, २०२१ ला बघितलं. यंदाही दोन दिवस गढूळ पाणी आत होतं.

घरात नळाचं पाणी येतं, जनावरांना मात्र विहिरीचंच. पूर ओसरल्यावर आठवड्यानं दोन्ही रेडकांना हगवण लागली. धाकट्याच्या शेणात रक्ताचे धागे. डॉक्टर आले, औषध दिलं, चार दिवसांत शेण घट्ट झालं. पंधरा दिवसांनी परत तेच, आता तिसरी खेप. त्यात थोरल्या म्हशीचं दूध वेळेला लिटरभर कमी झालंय आणि जबड्याखाली मऊ सूज आलीय, बोट दाबलं की खड्डा राहतो.

दुकानदार म्हणतो ब्लिचिंग पावडर टाका. शेजारी म्हणतो टाकू नका, रवंथ बंद पडेल. खरं काय? हौद ४ बाय ३ बाय २ फूट, विहीर १० फुटी गोल, पाणी १२ फूट. प्रमाण सांगा.

प्रतिसाद (शिरोळकडून)

दादा, शेजाऱ्याचं ऐकू नका. बेतानं टाकलेल्या क्लोरीननं रवंथाला काही होत नाही. हिशोब असा: विहिरीत साधारण २६ ते २७ हजार लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर ६५-७० ग्रॅम, पुराच्या पाण्याला दुप्पट. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, नाहीतर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटांनी चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा आणि तासभर थांबा. पिशवी उघडी पडून महिना झाला असेल तर तिच्यात दम राहत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं ओटी टेस्ट असते, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजायचं.

पण तुमचं दुखणं एकट्या ब्लिचिंगनं जाईल असं मला वाटत नाही. रेडकाच्या शेणात रक्त दिसलं की मला पहिला संशय कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या बारीक परजीवीचा येतो, आणि त्याच्या अंड्यांना क्लोरीन फारसं काही करत नाही. ती शेणातून येतात, ओलीत टिकतात, कोरड्यात मरतात. तुमची रेडकं म्हशींनी पिऊन उरलेलंच पाणी पितात ना? तिथं शेण पडतंय का बघा. हौद रिकामा करून तळ घासा, उन्हात वाळवा, आतून चुना लावा, दर पंधरवड्याला. रेडकांना पाणी वेगळं द्या, बसायची जागा कोरडी ठेवा.

थोरल्या म्हशीची सूज मला वेगळीच गोष्ट वाटते. ती चपट्या कृमींची, म्हणजे लिव्हर फ्लूकची असू शकते. तसं असेल तर ते या पुराचं नाही, कृमी मोठी व्हायलाच काही महिने लागतात. ओल्या रानातल्या छोट्या शंखी गोगलगायींतून निघून त्यांची पिल्लं गवताला चिकटतात. हौदात कितीही ब्लिचिंग टाका, नदीकाठचं गवत खाल्लं की परत तेच. तिन्हीचं शेण वेगवेगळ्या डबीत सरकारी दवाखान्यात तपासायला द्या. म्हैस गाभण असेल तर जंताचं औषध मनानं पाजू नका.

प्रतिसाद

अजून एक. पुराच्या चिखलात अनवाणी फिरू नका, हाताला चीर असेल तर गोठा काढताना हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग माणसालाही होतो. कुठलं जनावर गाभडलं किंवा लाल मुतायला लागलं तर वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

मूळ प्रश्नकर्ता

काल हौद उपसला. वरून पाणी काचेगत दिसायचं, खाली चार बोटं काळा गाळ, त्यात पेंडीचं कुजकं आणि वाळलेल्या शेणाचे पोपडे. गोगलगायीही निघाल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. सात वर्षं वरवर धूत होतो, लाज वाटली. शेण तपासायला दिलंय. रेडकांसाठी खुंटीला बादली टांगली, पण थोरली दावं ताणून तिथंही तोंड घालते. बादली कितीवर टांगता तुम्ही?